समुद्र नसलेल्या मुलखातून काइट सर्फिंग: आधी वावर, मग पाणी

हरभरा निघाला की गेवराईकडचं आमचं वावर महिनाभर मोकळं असतं. तिथं मी पहिल्यांदा अडीच चौरस मीटरचा सरावाचा पतंग उडवला, तेव्हा चुलते बांधावर येऊन बसले. थोडा वेळ बघून म्हणाले, "संक्रांत होऊन महिना झाला की रं. आता काय उडवायलास?" हा पतंग माणसाला पाण्यावरून ओढत नेतो, असं मी सांगितलं. ते हसले. तेवढ्यात वाऱ्याचा एक झोत आला, पतंग माझ्या बरोब्बर समोर आला आणि त्यानं मला ढेकळांवरून दहा-बारा पावलं फरफटत नेलं. दोन्ही गुडघे सोलले. चुलते उभे राहून ओरडत होते, "आरं सोड की मग!"

मी सोडला नव्हता, कारण माझ्या हाताला सवय मांजाची. लहानपणापासून पतंगानं ताण घेतला की मूठ आवळायची, हेच शिकलेलो. काइट सर्फिंगमध्ये याच्या नेमकं उलट करायचं असतं. घाबरलात की सोडा. ही सवय लावायला समुद्र लागत नाही, दोन एकर मोकळं रान पुरतं. म्हणून मराठवाड्यातल्या माणसानं हा खेळ घरीच अर्धा शिकून निघावं आणि समुद्रावरचे महागडे तास उरलेल्या अर्ध्यासाठी वापरावेत, असं माझं मत आहे.

खेळ नेमका काय आहे

पायाखाली फळी, कमरेला पट्टा, पट्ट्याला अडकवलेला दांडा आणि दांड्यापासून वीस-बावीस मीटर लांब दोऱ्यांच्या टोकाला मोठा पतंग. पतंग ओढतो, फळी पाण्याला कड लावून त्या ओढीला दिशा देते. बस्स, एवढंच. अवघड भाग फळीचा असेल असं बघणाऱ्याला वाटतं. पण शिकताना बहुतेक वेळ पतंगातच जातो.

पतंगानं माणूस ओढायची कल्पना जुनी आहे, पण पाण्यात पडलेला पतंग पुन्हा उठवायचा कसा हे कोडं बरीच वर्षं सुटत नव्हतं. ब्रुनो आणि डोमिनिक लेगेन्यू या फ्रेंच भावांनी कडेला हवेची नळी असलेला पतंग बनवला आणि १९८४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. नळीत हवा असल्यामुळे पतंग बुडत नाही, आकार टिकवतो आणि दोरी ओढून पुन्हा वर घेता येतो. खेळ खऱ्या अर्थानं पसरला तो नव्वदच्या दशकाच्या शेवटी. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याची शर्यत पहिल्यांदा झाली, मार्सेयच्या समुद्रात. ऑस्ट्रियाचा वॅलेंटिन बॉन्टस आणि ब्रिटनची एली आल्ड्रिज यांनी सुवर्णपदकं घेतली. तिथला बोर्ड पाण्याच्या वर उचलून धावणारा, फॉइलचा असतो. आपण शिकतो तो साधा, दोन्ही बाजूंनी सारखा.

वारा वाचायला शिका, तोही लिंबावरून

वारा मोजायचं एकक नॉट. १ नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. विंडी किंवा विंडगुरू ही ॲप फोनमध्ये ठेवाच, पण त्यातला आकडा आणि तुमच्या वावरातला वारा यांत फरक पडतो. लिंबाची पानं सतत हलतायत आणि हलकं फडकं ताठ उडतंय, तर वारा ७ ते १० नॉट. धूळ आणि कागद उडायला लागले, बारक्या फांद्या हलायला लागल्या, तर ११ ते १६. लहान झाडं अख्खी डुलायला लागली की १७ ते २१. सरावाच्या छोट्या पतंगाला ७ ते १२ नॉट छान. झाड डुलताना दिसलं तर त्या दिवशी घरी जा.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ओढ दुप्पट नाही, चौपट होते. १० नॉटवर जो पतंग लहान मुलासारखा बोट धरून चालतो, तोच २० नॉटवर पोळ्याला बुजलेल्या बैलासारखा वागतो. नवशिक्याला सरासरी वाऱ्यापेक्षा झोत जास्त घातक, आणि आपल्याकडचा वारा झोताचाच. समुद्रावर वारा मोकळ्या पाण्यावरून सरळ येतो. इथं तो डोंगर, झाडं, घरं यांना अडखळत येतो. एप्रिल-मे महिन्यात जमीन तापली की वावटळी उठतात, दुपारनंतर वळवाचे ढग चढतात आणि त्यांच्या पुढे थंड वाऱ्याचा लोंढा धावतो. ढगांत काळं दिसलं किंवा लांब कुठं गडगडलं, तर पतंग खाली घ्या आणि दोऱ्या गुंडाळा. मराठवाड्यात वीज पडून दरवर्षी माणसं जातात. माळावर ओल्या दोऱ्या धरून उभं राहायची ती वेळ नव्हे.

आता वाऱ्याची खिडकी. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. समोर एक मोठं अर्धं घड्याळ आहे असं समजा. डोक्यावर १२, उजव्या हाताला जमिनीलगत ३, डाव्या हाताला ९. पतंग या कडेवर कुठंही असला तर ओढ कमी. कड सोडून तो समोर मधोमध उतरला की ओढ सगळ्यात जास्त. मला फरफटत नेलं ते तिथूनच. पतंग ११ आणि १ च्या मधे शांत ठेवता आला की निम्मी भीती जाते.

सामान, आणि त्यातलं कशाला जपायचं

पाण्यावरच्या पतंगाची पुढची कड म्हणजे हवेची जाड नळी. तिला जोडून आडव्या नळ्या असतात, बहुतेक पतंगांत तीन. मधलं कापड न उसवणाऱ्या विणीचं. पंपानं हवा भरतात, साधारण ६ ते ८ पीएसआय, मोठ्या पतंगात थोडी कमी. मीटर नसेल तर टिचकी मारा. नीट भरलेली नळी ताणलेल्या ढोलकीसारखी वाजते आणि मऊ नळी भद्द करते. हवा कमी असली की पतंग आकाशात दुमडतो आणि तसाच खाली येतो.

पतंगाचं माप चौरस मीटरमध्ये. सत्तर-पंचाहत्तर किलोच्या माणसाला १५ ते २० नॉटमध्ये साधारण १२ चा, २० ते २५ मध्ये ९ चा. वजन कमी असेल तर त्याच वाऱ्यात लहान पतंग. शंका आली तर दोघांतला लहान घ्या. लहान पतंगानं फार तर कंटाळा येईल.

बार म्हणजे दांडा, पन्नासेक सेंटिमीटरचा. त्याला चार दोऱ्या. मधल्या दोन पतंगाच्या पुढच्या कडेला जातात आणि सगळं वजन पेलतात. टोकांच्या दोन मागच्या कोपऱ्यांना जातात, वळवण्यासाठी. लाल बाजू नेहमी डाव्या हातात. बार अंगाकडे ओढला की पतंगाचा कोन बदलतो आणि ताकद वाढते. लांब ढकलला की ताकद कमी. आपल्या भाषेत, ढील. पण मांजाला ढील म्हणजे दोरी सोडणं. इथं दोरीची लांबी तीच राहते, फक्त पतंग वाऱ्याला कमी पाठ देतो.

वळवताना नवखा माणूस बार ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगसारखा फिरवतो. तसं नाही. बैलाच्या कासऱ्यासारखं करायचं. उजवीकडे जायचं तर उजवा हात अंगाकडे ओढा, डावा थोडा पुढं जाऊ द्या. ज्यांनी लहानपणी औत हाकलंय त्यांना हे पहिल्या तासात जमतं, शहरातल्यांना दुसरा दिवस लागतो.

दोऱ्या डायनिमा नावाच्या धाग्याच्या असतात, सुतळीहून बारीक आणि एकेक दोरी शेकडो किलो पेलते. ताणलेली दोरी हातानं कधीच धरू नका. नायलॉन मांजानं गळे कापल्याच्या बातम्या आपण संक्रांतीला वाचतो. ही दोरी काचेची नसली तरी ताणाखाली बोट कापायला मागं बघत नाही.

दोऱ्या पतंगाला जोडायच्या त्या गाठीनं. दाव्याला घालतो तसा उलटा फास करायचा, गाठीमागं सरकवायचा, खेचायचा. पुढच्या आणि मागच्या दोऱ्यांची टोकं मुद्दाम वेगळी केलेली असतात: एकीला गाठ, दुसरीला फास. अदलाबदल होऊ नये म्हणून. तरीही दोऱ्या एकमेकींवर चढलेल्या असू शकतात, म्हणून बारपासून पतंगापर्यंत दोऱ्यांच्या मधून चालत जा, बोटं हलकेच फिरवत. मी एकदा हे टाळलं. पतंग उठल्या उठल्या गरगरत जमिनीवर आपटला.

पट्ट्याला हार्नेस म्हणतात. कमरेचा आणि बसायचा, असे दोन प्रकार. पहिल्या काही दिवसांना बसायचा बरा, कारण कमरेचा वर सरकून फासळ्यांत रुततो. दिसायला तो लंगोटासारखा दिसतो, फोटो काढू नका म्हणजे झालं. हार्नेसच्या आकड्यात बारचा जाड रबरी फास अडकतो, त्याला चिकन लूप म्हणतात. बोर्ड शिकण्यासाठी मोठा घ्या, १४० सेंटिमीटरच्या आसपास. तरंगायला सोपा पडतो. शिवाय हेल्मेट, छातीला धक्का झेलणारं जॅकेट, पट्ट्यात खोचायचा दोरी कापायचा आकडी चाकू आणि अंगाला चिकटणारा पूर्ण बाह्यांचा टीशर्ट. उन्हाची तुम्हाला सवय असेल, पण पाण्यावरून परत येणारं ऊन वेगळंच भाजतं.

या सगळ्यात जीव वाचवणारी वस्तू एकच, सुटका यंत्रणा. ती तीन पायऱ्यांची आहे आणि हा क्रम झोपेतही आठवला पाहिजे. पहिली, बार सोडा. पतंगाची बरीचशी ताकद तिथंच जाते. तरी ओढतोय? दुसरी, चिकन लूपवरचा लाल तुकडा पुढे ढकला. लूप उघडतो आणि पतंग एकाच दोरीवर, लीशला (हार्नेसला जोडलेल्या सुरक्षेच्या दोरीला) लोंबकळत, निवतो. तरीही ओढतोय, किंवा दुसऱ्याच्या पतंगात अडकलाय? तिसरी, लीशचं कुलूप उघडा आणि पतंग जाऊ द्या. पतंग हजारोंचा असतो म्हणून माणसं तिसऱ्या पायरीला कचरतात. कचरू नका.

वावरातले धडे

सरावाचा पतंग दोन दोऱ्यांचा, बिनहवेचा, दीड ते तीन चौरस मीटरचा घ्या. पाण्यावरचा मोठा पतंग जमिनीवर उडवायचा नाही, कुणी कितीही चढवलं तरी. जागा अशी निवडा की वाऱ्याच्या दिशेनं पुढं शंभर मीटर काही नाही: विजेची तार नाही, रस्ता नाही, विहीर नाही, गुरं नाहीत. तारांचं मी पुन्हा सांगतो, कारण आपल्या शेतात पंपाच्या तारा कुठून कुठं जातात हे मालकालाही कधीकधी वर बघूनच कळतं. नांगरलेलं रान नको, ढेकळांवर पाय मुरगळतो. काढणी झालेलं सपाट वावर किंवा पडीक माळ उत्तम. पायात बूट, डोक्यावर हेल्मेट, हातात मोजे.

वारा जिकडं वाहतो त्या बाजूला पतंग पाठीवर पसरा, मागच्या कडेवर दोन ढेकळं ठेवा आणि दोऱ्या सरळ करत वाऱ्याकडे चालत या. मनगटाचा पट्टा अडकवा, बार धरा आणि एक पाऊल मागं घ्या. पतंग उठतो. बार धक्क्यानं ओढू नका.

पहिल्या दिवशी फक्त १२ वर टिकवणं. पाच मिनिटं, न पडता. दुसऱ्या दिवशी १० ते २ पर्यंत सावकाश ये-जा, वर कमानीसारखी. तिसऱ्या दिवशी तेच, पण पतंगाकडे न बघता, दूर शेजाऱ्याच्या शेवग्याकडे नजर लावून. पाण्यात तुम्हाला बोर्ड बघायचा असतो, पतंगाकडे बघायला सवड नसते. मग एका हातानं, मग चालत, मग आडवं चालत. शेवटी आठचा आकडा काढत पतंग किंचित खाली आणा आणि ओढ अंगात कशी शिरते ते बघा. गुडघे वाकलेले, पार्श्वभाग मागं, जसं रस्सीखेचमध्ये उभं राहतो तसं.

आणि रोज, सुरुवातीलाच, वीस वेळा बार सोडा. पतंग नीट उडत असताना, काही बिघडलेलं नसताना, मुद्दाम. चुलत्यांना मी हे काम दिलं होतं. ते बांधावरून केव्हाही "सोड!" म्हणायचे आणि मी सोडायचा. पहिले आठ-दहा दिवस माझी मूठ आधी आवळायची, मग उघडायची. पंधराव्या दिवशी ती सरळ उघडली.

नाथसागर जवळ आहे, तरी नको

पैठणला जाऊन बांधावर उभं राहिलं की पावसाळ्यातला पश्चिमेचा वारा आणि समोरचं पाणी बघून कुणालाही वाटतं, इथंच का नाही? जवळपास दहा किलोमीटर लांबीचा मातीचा बांध, त्यामागं क्षितिजापर्यंत पाणी. पण जायकवाडीचा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, हिवाळ्यात रोहित येतात आणि तेच पाणी शहरं पितात. परवानगीशिवाय तिथं पतंग घेऊन उतरणं चूक आहे. व्यवहाराच्या बाजूनंही तिथं शिकणं वाईट: पाणी हटलं की गाळ, पाण्याखाली जुनी खोडं, कोळ्यांची जाळी, आणि सुटकेची बोट नाही. बाकीच्या धरणांनाही हेच लागू.

रामेश्वरला कावड घेऊन

नाथांनी काशीची कावड रामेश्वरला नेताना वाटेत तहानलेल्या गाढवाला पाजली, ही गोष्ट पैठणच्या पोराला पाठ असते. आपल्याकडची माणसं तीर्थाला रामेश्वरला जातातच. त्याच बेटाच्या कडेला देशातलं शिकायला चांगलं पाणी आहे: कमरेएवढं, सपाट, वाळूचा तळ. हिवाळ्यात ईशान्येचा वारा आणि उन्हाळ्यापासून पावसाळा संपेपर्यंत नैर्ऋत्येचा, म्हणून वर्षाचे बरेच महिने सराव होतो. थुथुकुडीलाही शाळा आहेत. गोव्यात मांद्रे, मोरजी, आश्वे इथं हिवाळा-उन्हाळ्यात दुपारचा हलका वारा मिळतो, तो जड माणसाला कमी पडतो.

शाळा निवडताना प्रशिक्षकाकडे आयकेओसारख्या (या खेळाची आंतरराष्ट्रीय संस्था) संस्थेचं प्रमाणपत्र आहे का, शिकवताना हेल्मेटमध्ये रेडिओ आहे का आणि पाण्यावर सुटकेची बोट असते का, एवढं विचारा. कोर्स बहुधा १० ते १२ तासांचा असतो.

जायच्या आधी पोहणं बघा. आपण पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलो. विहिरीत चार हात मारले की पायरी येते. समुद्रात जॅकेट घालून, लाटेत, तोंडात पाणी जात असताना दोनशे मीटर न घाबरता पोहता आलं पाहिजे.

किनाऱ्यावर पहिला प्रश्न वाऱ्याच्या दिशेचा. किनाऱ्याला समांतर किंवा थोडा किनाऱ्याकडे येणारा वारा चांगला. जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा कितीही गोड वाटला तरी त्यात उतरायचं नाही, तो तुम्हाला परत आणत नाही. पतंग उठवायला मदतनीस लागतो. तयार झालात की अंगठा वर. खाली घ्यायचा असेल तर हात डोक्यावर.

पाण्यात पहिले धडे बोर्डाशिवाय. पतंगानं नुसतं अंग ओढत न्यायचं, आधी वाऱ्याबरोबर, मग एक हात पुढं नांगराच्या फाळासारखा रोवून वाऱ्याला तिरकं. हे कंटाळवाणं वाटतं, पण बोर्ड सुटून वाऱ्याकडे राहिला तर तो याच पद्धतीनं परत मिळतो. मग पाण्यात पडलेला पतंग उठवणं: एका बाजूची मागची दोरी हळू ओढत तो कडेवर आणायचा, तिथून तो स्वतःच चढतो.

मग बोर्ड. पाण्यात बसून पाय पट्ट्यात, पतंग १२ वर. उजवीकडे जायचं तर पतंग ११ पर्यंत न्या आणि तिथून एका झोक्यात १ च्या पलीकडे. ओढ येते, गुडघे छातीशी ठेवा आणि उचललं जाऊ द्या. बहुतेक जण इथं स्वतःच्या ताकदीनं उभं राहायला बघतात आणि तोंडावर पडतात. मी चौदा वेळा पडलो, मोजले होते. पंधराव्यांदा तीन-चार सेकंद पाण्यावर होतो.

टाचांवर वजन टाकून बोर्डाची कड पाण्यात रुतवली की वाऱ्याला थोडं तिरकं जाता येतं. ज्या जागेवरून निघालात तिथंच परत येता आलं, की तुम्ही स्वतंत्र झालात. तोवर किनाऱ्यानं बोर्ड खांद्यावर घेऊन परत चालणं हाच व्यायाम. समोरून कुणी आलं तर ज्याचा उजवा हात पुढं आहे त्याला वाट द्या. ओलांडताना वाऱ्याकडच्यानं पतंग वर ठेवायचा आणि दुसऱ्यानं खाली.

स्वतःची सुटका शाळेतच दोनदा करून बघा: लाल तुकडा सोडून आधी लीशची एकच दोरी बारवर गुंडाळत जायची, मग बाकीच्या, पतंगापर्यंत पोहोचून त्याच्या नळीला धरून शिडासारखं किनाऱ्याला लागायचं.

विकत घ्यायचं झालंच तर

कोर्स होईपर्यंत काही घेऊ नका, सरावाचा पतंग सोडून. नवा पतंग आणि बार मिळून लाखाच्या पुढं जातात, म्हणून बहुतेक जण जुना घेतात. जुना घेताना हवा भरून रात्रभर तसाच ठेवा, सकाळी टिचकी मारा. कापड उन्हाकडे धरून भोकं बघा. कापड नव्या नोटेसारखं कुरकुरलं तर अजून जीव आहे, जुन्या धोतरासारखं मऊ पडलं तर सोडा. चारही दोऱ्यांची टोकं एका बाभळीच्या खुंटाला अडकवून बार ओढा. तो तिरका दिसला तर दोऱ्या असमान ताणल्यात. सुटका यंत्रणा तिथल्या तिथं पाच वेळा सोडून बघा. अडकली तर बार फुकटातही नको.

वापरानंतर सगळं गोड्या पाण्यानं धुवायचं असतं, विशेषतः लाल तुकडा, कारण वाळूचा एक कण त्याला अडवू शकतो. हे काम रामेश्वरलाच उरकून या. मी एकदा तसंच खारट सामान घरी आणलं. आमच्याकडे तेव्हा नळाला आठव्या दिवशी पाणी येत होतं, आणि पतंगासाठी बादलीभर पाणी मागितल्यावर आईनं माझ्याकडे जसं बघितलं, त्यापेक्षा पंचवीस नॉटचा वारा परवडला.